ऐंशी टक्क्यांनंतर गाडी का रेंगाळते?

विजेच्या गाड्यांबद्दल येणाऱ्या पत्रांचा सूर गेल्या काही काळात बदलला आहे. आधी विचारणा असे ती ‘घ्यावी का’ अशी. आता गाडी दारात उभी आहे आणि प्रश्न पडताहेत ते ती वापरताना. त्यांतले फास्ट चार्जिंगचे प्रश्न आज एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गाडीची बॅटरी ४५ किलोवॉट-तासांची आहे. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावूनही सकाळी ती पूर्ण भरलेली नसते. तीच गाडी महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर पाऊण तासात १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते. वीज तर दोन्हीकडे महावितरणचीच. मग त्या यंत्रात असे असते तरी काय? (एक वाचक, कराड)

उत्तर : तारेतून घरात येते ती वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेने वाहणारी. मोबाइल असो, स्कूटर असो की बस, बॅटरीत वीज भरण्याआधी एसीचे डीसी कुठेतरी करावेच लागते. ते गाडीच्या पोटात करायचे की गाडीबाहेर, यावर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठरते.

घरच्या सॉकेटला गाडी लावता तेव्हा हे काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवर जो डबा बसवून मिळतो तो विजेचे रूपांतर करत नाही. एसी वीज सुरक्षितपणे गाडीपर्यंत पोचवायची आणि काही बिनसले तर तोडायची, एवढेच त्याचे काम. ऑनबोर्ड चार्जर आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ३.३ किंवा ७.२ किलोवॉटचा असतो, काहींत ११ किलोवॉटचा. तो याहून मोठा करता येतो, पण मग त्याचे वजन, त्याची किंमत आणि त्याला थंड ठेवण्याची व्यवस्था हे सगळे गाडीने जन्मभर वाहायचे. शिवाय घरची वायरिंग आड येते. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला फार तर साडेतीन किलोवॉट निघणार. ४५ ला ३.३ ने भागा, साडेतेरा तास होतात. रूपांतरात वाया जाणारी वीज धरली की पंधराच्या घरात. तुमची रात्र अपुरी पडते ती म्हणून.

महामार्गावरच्या यंत्राने हे ओझे गाडीबाहेर काढलेले असते. त्या उंच पेटीत तीन फेजची ४१५ व्होल्टची एसी वीज शिरते. आत आधी तिचे डीसी होते. मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर त्या डीसीचे पुन्हा अतिजलद एसी करतात, ते एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि पलीकडे त्याचे परत डीसी होते. हा द्राविडी प्राणायाम दोन कारणांसाठी. बॅटरीला हवे तेवढेच व्होल्टेज नेमके तयार करता यावे हे एक. आणि महावितरणची तार व गाडीची तार यांच्यात थेट जोड राहू नये हे दुसरे. वारंवारता जितकी जास्त तितका ट्रान्सफॉर्मर लहान होतो, त्यामुळेच एवढी ताकद एका पेटीत मावते. अलीकडच्या यंत्रांत सिलिकॉन कार्बाइडचे ट्रान्झिस्टर येऊ लागले आहेत. ते साध्या सिलिकॉनपेक्षा कमी वीज वाया घालवतात आणि कमी तापतात. अशा रूपांतरकांचे सुटे मॉड्यूल पेटीत एकावर एक बसवलेले असतात. ३० किलोवॉटचे दोन लावले की ६० चा चार्जर, चार लावले की १२० चा. जवळ उभे राहिल्यावर जो मोठा घरघराट ऐकू येतो तो त्यांच्या पंख्यांचा.

पेटीतून निघालेली डीसी वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून सरळ बॅटरीत जाते. आपल्याकडच्या मोटारींना चालणाऱ्या सीसीएस-२ गनच्या खालच्या भागात दोन जाड पिना दिसतात, त्या याच कामाच्या. ६० किलोवॉट आणि बॅटरीचे ३५० व्होल्ट धरले तर त्या पिनांतून १७० अँपिअर वाहतात. घरच्या सॉकेटमधून वाहतात १४-१५. गन जड का आणि केबल मनगटाएवढी जाड का, हे यावरून कळेल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुढची सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत. फास्ट चार्जर गाडीत वीज कोंबतो अशी अनेकांची कल्पना असते. घडते ते उलट. गाडी मागते आणि यंत्र देते. गन बसल्यावर पहिले काही सेकंद एकही अँपिअर वाहत नाही. आधी गनची कडी अडकते. सीसीएस-२ च्या वरच्या भागातल्या बारीक पिनेवरून गाडी आणि यंत्र यांचे बोलणे सुरू होते. गाडी सांगते, माझ्या बॅटरीला कमाल एवढे व्होल्ट चालतात, कमाल एवढे अँपिअर घेईन. यंत्र आपली मर्यादा सांगते. मग केबलमध्ये कुठे वीज गळत नाही ना याची चाचणी होते. यंत्र आपले व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजला आणून टेकवते, कारण दोघांत फरक असताना जोड झाली तर ठिणगी उडेल. त्यानंतरच गाडीतले मोठे स्विच खटकन जोडले जातात आणि प्रवाह सुरू होतो. तिथून पुढे गाडीतली बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बीएमएस, सेकंदाला अनेकदा ‘आता इतके द्या’ असा निरोप धाडत राहते. यंत्र तो निमूट पाळते. निरोप थांबला तर वीज थांबते.

तेव्हा वेग ठरवणारा मालक गाडीत बसलेला असतो. आणि तो जो आकडा मागतो, तो बॅटरीच्या आतल्या रसायनावरून ठरतो.

प्रश्न : ८० टक्क्यांपर्यंत भराभर चढणारा आकडा नंतर अडखळतो. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ७० इतकाच वेळ लागतो. चार्जिंगवाले मुद्दाम असे करतात का?

उत्तर : मुद्दाम होते हे खरे, पण करते तुमची गाडी, आणि तुमच्या भल्यासाठी. हे समजायला सेलच्या आत डोकवावे लागेल.

लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सेलमध्ये दोन बाजू असतात. एका बाजूला लिथियम धरून ठेवणारे एखादे संयुग. आपल्याकडच्या गाड्यांत ते बहुधा लोह-फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी, किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचे असते. दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट, पेन्सिलीतले तेच. मधे द्रवाने भिजलेला एक पातळ सच्छिद्र पडदा. चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन पहिल्या बाजूतून सुटतात, द्रवातून पोहत पडद्यापलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेने, चार्जरमार्गे येतात. ग्रॅफाइट पूर्ण भरले की कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक अणू असा हिशेब होतो.

तारेतला प्रवास इलेक्ट्रॉनना सोपा आहे. आयनांचा तसा नाही. द्रवातून जायचे, ग्रॅफाइटच्या कणाच्या पृष्ठभागावर पोचायचे, अंगाभोवतीचे द्रवाचे रेणू झटकून टाकायचे, पृष्ठभागावर जमलेल्या पातळ कवचातून आत शिरायचे आणि मग थराथरांतून कणाच्या गाभ्यापर्यंत सरकायचे. याला वेळ लागतोच. बॅटरी रिकामी असते तेव्हा कणाच्या कडेलाच जागा भरपूर असते, आलेला आयन लगेच सामावतो. भरत जाते तशी कडेची जागा संपते. नव्याला जागा व्हायची तर आधीच्याने आत सरकायला हवे.

काळ्या रानात पाटाने पाणी दिलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिले पाणी बघता बघता मुरते. ओल चढते तसा मुरण्याचा वेग उतरतो. तेव्हाही लोट तेवढाच ठेवला तर पाणी आत जात नाही, वर साचते.

बॅटरीत वर साचते ते धातूच्या रूपातले लिथियम. भरलेले ग्रॅफाइट आणि शुद्ध लिथियम धातू यांच्या विद्युत-पातळीत फरक असतो जेमतेम ०.१ व्होल्टचा. प्रवाह जोरात ढकलला की हा फरक पुसला जातो. मग आयनाला आत मुरण्यापेक्षा बाहेरच धातू होऊन चिकटणे सोपे पडते. अभियंते याला लिथियम प्लेटिंग म्हणतात. असे चिकटलेले लिथियम बरेचसे कायमचे वाया जाते, म्हणजे बॅटरीची क्षमता तेवढ्याने घटते. त्याहून वाईट म्हणजे कधी ते सुईसारखे वाढत पडद्याकडे सरकते. पडदा फुटला तर दोन्ही बाजू आतल्या आत एकमेकींना भिडतील. बीएमएसची सगळी सावधगिरी या एका गोष्टीभोवती आहे.

दुसरे कारण व्होल्टेजचे. एलएफपी सेलला साधारण ३.६५ व्होल्टच्या वर नेता येत नाही, निकेलवाल्याला ४.२ च्या. सुरुवातीला बीएमएस भरपूर प्रवाह घेते आणि व्होल्टेज हळूहळू चढू देते. ते कमाल रेषेला टेकले की मग व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह उतरवत नेण्यावाचून गत्यंतर नसते. त्यात गाडीच्या बॅटरीत शंभरएक सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि सगळे हुबेहूब सारखे नसतात. जो सेल सर्वांत आधी भरतो त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्यांना थांबावे लागते.

८० हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही. काही गाड्यांचा वेग ६० टक्क्यांनाच उतरू लागतो, काहींचा ८५ पर्यंत टिकतो. पण साधारण तिथेच उतार तीव्र होतो, म्हणून कंपन्या जाहिरातीतही ‘१० ते ८०’ किंवा ‘२० ते ८०’ एवढेच सांगतात. लांबच्या प्रवासात याचा सरळ उपयोग करा. पुण्याहून कोल्हापूरच्या पुढे जायचे असेल तर एकाच ठिकाणी शंभर टक्क्यांसाठी ताटकळण्यापेक्षा दोनदा थांबून दोन्ही वेळा ८० पर्यंत भरणे बहुतेकदा लवकर उरकते. शिवाय मागे रांगेत कोणी उभे असेल तर ८० नंतर गन सोडणे हा साधा शिष्टाचार आहे, आणि तो आपल्या चार्जिंग स्टेशनांवर रुजायलाच हवा.

प्रश्न : पाटीवर १२० किलोवॉट लिहिलेले होते. माझ्या गाडीला ३८ च्या वर मिळाले नाहीत. तक्रार करावी का?

उत्तर : आधी चार गोष्टी तपासा. तुमच्या गाडीची स्वतःची कमाल किती? ती ५० ची असेल तर यंत्र १२० चे असो की ३५० चे, फरक पडणार नाही. दुसरी गन कोणाच्या गाडीला लावलेली होती का? दोन गनांचे यंत्र बहुधा आतले मॉड्यूल वाटून देते, आणि पाटीवरचा आकडा दोन्हींचा मिळून असतो. तिसरी गोष्ट अँपिअरची. गनमधून कमाल २०० अँपिअर जाऊ शकत असतील आणि तुमची बॅटरी ३२० व्होल्टची असेल, तर गुणाकार ६४ किलोवॉटच होतो. पाटीवरचा १२० चा आकडा जास्त व्होल्टच्या गाडीसाठी लिहिलेला असतो. आणि चौथे, तुम्ही पोचलात तेव्हा बॅटरी किती भरलेली आणि किती तापलेली होती? ६५ टक्क्यांवर जाऊन गन लावली तर उतार सुरू झालेला असू शकतो. मे महिन्यात शंभरच्या वेगाने आल्या आल्या गन लावली तर बीएमएस आधी बॅटरी थंड करायला घेते.

या चारांतले काहीच नसेल, तर मात्र तक्रार जरूर करा. आपल्याकडे एखादे मॉड्यूल बंद पडलेले यंत्र महिनोन्‌महिने तसेच निम्म्या ताकदीवर चालू ठेवले जाते. पाटीवर लिहिलेले ग्राहकाला मिळत नसेल तर ते बोललेच पाहिजे.

प्रश्न : सतत फास्ट चार्जिंग केल्याने बॅटरी लवकर मरते असे शोरूममधलाच माणूस सांगतो. खरे किती?

उत्तर : थोडे खरे आहे. पण दोष वेगापेक्षा उष्णतेचा जास्त.

अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने निसान लीफच्या चार गाड्यांवर एक प्रयोग केला. २०१२ च्या मॉडेलच्या या गाड्या ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात, म्हणजे रखरखीत वाळवंटात, सारख्याच रस्त्यांवर चालवल्या. दोन गाड्या कायम एसीवर भरल्या, दोन कायम डीसी फास्टवर. ५० हजार मैलांनंतर, म्हणजे सुमारे ८० हजार किलोमीटरनंतर, चारही बॅटऱ्या चांगल्याच खंगल्या होत्या. फास्टवाल्या जास्त खंगल्या, पण दोन्ही जोड्यांतला फरक थोड्या टक्क्यांचा होता. लीफच्या बॅटरीला थंड करणारी कोणतीही द्रवव्यवस्था नव्हती हे इथे महत्त्वाचे. उन्हाने जी झीज केली त्यापुढे चार्जरने केलेली झीज लहान ठरली.

उष्णता येते कुठून हेही बघा. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरा. १७० अँपिअरचा वर्ग करून त्याने गुणले की जवळपास २.९ किलोवॉट होतात. एवढी उष्णता चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या आत सतत निर्माण होत असते. आताच्या बहुतेक मोटारींत सेलांलगतच्या पट्ट्यांतून कूलंट खेळवतात, आणि गरज पडली तर गाडीची वातानुकूलन यंत्रणा त्या कूलंटला थंड करते. चार्जिंगला लावलेल्या गाडीचा पंखा अचानक जोरात सुरू होतो तो यासाठी. बॅटरी फार थंड असणेही वाईट, कारण थंडीत आयन आणखी सावकाश मुरतात आणि प्लेटिंगचा धोका वाढतो. लडाखला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या गाडीमालकाची चिंता मात्र उष्णतेचीच.

तेव्हा घरी सोय असेल तर रोजचे भरणे घरी, सावकाश. फास्ट चार्जर प्रवासासाठी. घरी सोय नसेल, सोसायटी परवानगी देत नसेल, तर फास्टवर भरून गाडी वापरायला मुळीच घाबरू नका. फक्त उन्हाळ्यात भर दुपारऐवजी सकाळी किंवा रात्री भरा, लांबून तापून आला असाल तर दहा मिनिटे सावलीत उभी करा, आणि १०० टक्के भरलेली गाडी चार दिवस उन्हात सोडून गावाला जाऊ नका.

एलएफपी बॅटरीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. या सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही. ३० टक्के आणि ७० टक्के यांत व्होल्टेजवरून फरक ओळखणे बीएमएसला कठीण जाते. ते आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहते आणि त्यात चूक साचत जाते. अधूनमधून १०० टक्के भरले की हिशेब पुन्हा जुळतो. तो भरणा घरच्या सॉकेटवर करा. किती दिवसांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ज्या गाडीचा काटा २० टक्के दाखवताना एकदम ९ वर येतो, तिथे पुष्कळदा कारण हेच निघते.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला मोटारीचा फास्ट चार्जर चालेल का?

उत्तर : नाही. स्कूटरची बॅटरी साधारण ५० ते ७० व्होल्टची असते आणि मोटारीचा चार्जर इतका खाली उतरतच नाही. गनही बसणार नाही. हलक्या गाड्यांसाठी एसी आणि डीसी दोन्ही एकाच गनने भरणारा जोड भारतातच विकसित झाला. एथर कंपनीच्या रचनेवर आधारलेल्या या जोडाला भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. पण सगळ्या कंपन्यांनी तो स्वीकारलेला नाही. गल्लोगल्ली स्कूटरी असलेल्या आपल्या शहरांत प्रत्येक कंपनीची गन वेगळी असणे हा शुद्ध अपव्यय आहे.

प्रश्न : पेट्रोल पाच मिनिटांत भरते. वीज तशी कधी भरेल?

उत्तर : चीनमध्ये तो दिवस आलेला आहे, निदान कंपनीच्या शब्दांत. बीवायडीने मार्च २०२५ मध्ये १००० व्होल्ट आणि १००० किलोवॉटचे चार्जिंग जाहीर केले. पाच मिनिटांत सुमारे ४०० किलोमीटरची वीज, असा त्यांचा दावा आहे. इथवरची वाट दोन दिशांनी आली.

एक दिशा व्होल्टेज वाढवण्याची. ३५० किलोवॉट ४०० व्होल्टला न्यायचे तर ८७५ अँपिअर लागतात. ८०० व्होल्टला त्याच्या निम्मे. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथाई होते. २०१९ च्या पोर्शे टायकानने ८०० व्होल्टची वाट धरली. भारतात विकली जाणारी ह्युंदाई आयोनिक ५ त्याच पठडीतली आहे. ३५० किलोवॉटच्या चार्जरवर ती १८ मिनिटांत १० वरून ८० टक्क्यांवर जाते असे कंपनी सांगते. ५०० अँपिअरपर्यंत प्रवाह वाहणाऱ्या केबलीत आतून थंड द्रव फिरवतात. तसे केले नाही तर ती केबल हातात धरून वळवताही येणार नाही इतकी जाड करावी लागेल.

दुसरी दिशा सेल बदलण्याची. ग्रॅफाइटचा थर पातळ ठेवला, कण बारीक केले, पृष्ठभागावरचे कवच सुधारले की आयन लवकर मुरतात. ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट वापरले तर प्लेटिंगचे भयच जवळपास संपते, कारण त्याची पातळी लिथियम धातूच्या दीड व्होल्ट वर असते. जिनिव्हातल्या २३ क्रमांकाच्या मार्गावरच्या टोसा बसमध्ये अशाच बॅटऱ्या आहेत. निवडक थांब्यांवर प्रवासी चढ-उतार करेपर्यंत, १५-२० सेकंदांत, ही बस छतावरून ६०० किलोवॉटने वीज घेते. पण टायटनेटच्या सेलचे व्होल्टेज २.३ च्या आसपासच, म्हणजे त्याच वजनात वीज बरीच कमी साठते. थांब्याथांब्यावर भरणाऱ्या बसला ते परवडते. एका भरण्यात चारशे किलोमीटर जायचे म्हणणाऱ्या मोटारीला नाही.

आपल्याकडेही वेग वाढतो आहे. महिंद्राच्या चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या ७९ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह १७५ किलोवॉटपर्यंत घेऊ शकतात, आणि २० वरून ८० टक्क्यांवर २० मिनिटांत जातात असा कंपनीचा दावा आहे. त्या एलएफपी आहेत हे विशेष, कारण दहा वर्षांपूर्वी एलएफपी म्हणजे सावकाश असे मानले जाई.

तरीही पेट्रोलशी तुलना करताना एक हिशेब विसरू नये. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. नळीतून मिनिटाला ३० लिटर पडत असेल, तर टाकीत ऊर्जा शिरते ती १६ हजार किलोवॉटच्या वेगाने. इंजिन त्यातली पाऊण उष्णतेत घालवते म्हणून सामना इतका एकतर्फी राहत नाही, पण विजेने तो वेग गाठायचा म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा. ६० किलोवॉटच्या चार्जरवर मिनिटाला एक युनिट मिळते, म्हणजे सहा-सात किलोमीटर.

आणि ही वीज कुठून तरी आणायची असते. आपल्या गावच्या वेशीवर १०० केव्हीएची डीपी असते. पाच अश्वशक्तीचे वीस-पंचवीस पंप तिच्यावर चालतात. १२० किलोवॉटचा एकच चार्जर तिच्यावर बसणार नाही. म्हणून मोठ्या चार्जिंग स्टेशनला ११ किंवा २२ हजार व्होल्टच्या लाइनवरून स्वतंत्र जोडणी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. यंत्रापेक्षा कित्येकदा ही जोडणी मिळायलाच जास्त महिने लागतात. एका मोटारीला १००० किलोवॉट द्यायचे तर स्टेशनातही मोठी बॅटरी ठेवून तिच्यात दिवसभर सावकाश वीज साठवावी लागते आणि मागणी आली की तिच्यातून सोडावी लागते.

म्हणून माझे मत असे, की मेगावॉटच्या बातम्यांनी आपण भारावून जाऊ नये. महाराष्ट्राला आज हवे आहेत ते ६० आणि १२० किलोवॉटचे, चालू स्थितीतले, एका जागी दोनऐवजी आठ असलेले चार्जर, तेही फक्त द्रुतगती मार्गावर नव्हे तर बीड, परभणी, गडचिरोलीच्या रस्त्यावर. एसटीची विजेवरची बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, ज्या मार्गावर १९४८ मध्ये एसटीची पहिली बस धावली होती. अशा बसला दहा मिनिटांच्या चार्जिंगची गरज नसते. रात्री डेपोत सावकाश आणि दुपारच्या फेरीआधी डेपोतच अर्धा-पाऊण तास फास्ट, एवढ्यात तिचे वेळापत्रक बसते. अट एकच, की तो चार्जर त्या दुपारी चालू असला पाहिजे.

प्रश्न : पावसात गन लावणे सुरक्षित आहे का? चारशे व्होल्टची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, आणि ती धरूनच ही रचना केलेली आहे. गन हातात असताना तिच्या पिनांत वीज नसते. कडी अडकून, गाडी-यंत्राचे बोलणे होऊन, गळतीची चाचणी पार पडल्याशिवाय व्होल्टेज येत नाही. आणि चार्जिंग चालू असताना कडी सुटत नाही. मधेच गळती आढळली तर प्रवाह क्षणात तुटतो. पिना आत खोल असतात, तिथे बोट पोचत नाही.

तरी एवढे पाळा. गनच्या तोंडात किंवा गाडीच्या सॉकेटात पाणी साचलेले दिसले तर ते झटकून, कोरडे करूनच जोडा. केबलचे वरचे आवरण कुठे फाटलेले असेल, गनचा प्लास्टिकचा भाग वितळलेला किंवा काळवंडलेला असेल, तर त्या गनला हात लावू नका आणि यंत्रावरच्या क्रमांकावर कळवा. गन साचलेल्या पाण्यात टाकून ठेवू नका, तिच्या जागेवर अडकवा. आणि काढताना आधी ॲपवरून किंवा पडद्यावरून चार्जिंग थांबवा, आकडा शून्यावर आल्याचे बघा, कडी सुटल्याचा आवाज ऐका, मग ओढा. यंत्रावरचे लाल बटण खऱ्या आणीबाणीसाठी आहे. रोजच्या घाईत ते दाबले तर बऱ्याच ठिकाणी यंत्र अडून बसते, आणि स्टेशनचा माणूस येऊन ते पुन्हा चालू करेपर्यंत पुढच्या गाडीला वीज मिळत नाही.